पडद्यावरची राणी कोणाच्या कागदातून येते?

१८९५ साली एडिसनच्या कंपनीने एक चित्रपट काढला. लांबी जेमतेम १८ सेकंद. डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाई गुडघे टेकते, ठोकळ्यावर मान ठेवते, जल्लाद कुऱ्हाड उगारतो आणि मुंडके खाली पडते. मधे कॅमेरा थांबवून माणसाच्या जागी पुतळा ठेवला होता. सिनेमातली ही पहिलीच अशी हातचलाखी मानली जाते. ठोकळ्यावर मान ठेवणारी बाई म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट, आणि तिचे काम केले होते एका पुरुषाने. पुढे १९१२ मध्ये सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीने पडद्यावर इंग्लंडची एलिझाबेथ उभी केली. तो मूकपट अमेरिकेत दाखवून अ‍ॅडॉल्फ झुकॉर यांनी जी कंपनी उभारली, तिचीच पुढे पॅरामाउंट झाली. म्हणजे सिनेमाचा धंदा नीट सुरूही झाला नव्हता, तेव्हापासून ब्रिटिश राण्या त्याच्या गिऱ्हाईक-खेचू नायिका आहेत.

असा प्रत्येक चित्रपट आला की एकच वाद रंगतो: हे खरे घडले होते का? वाद करायला हरकत नाही, पण उत्तर बहुतेक वेळा ‘थोडे हो, थोडे नाही’ एवढेच निघते आणि हाती काही लागत नाही. मला त्याहून उपयोगी वाटतो तो दुसरा प्रश्न. या राणीबद्दलचे कागद कोणी लिहिले, कोणी जपले आणि कोणी जाळले? पडद्यावरची राणी कशी दिसणार, हे बरेचसे तिथेच ठरलेले असते.

आधी थोडी ओळख. अ‍ॅन बोलीनसारख्या ज्या राण्यांवर भरपूर चित्रपट आहेत, त्या राजाच्या बायका होत्या. स्वतःच्या हक्काने इंग्लंडच्या किंवा ब्रिटनच्या गादीवर बसलेल्या राण्या सोळाव्या शतकापासून सहाच: मेरी पहिली, एलिझाबेथ पहिली, मेरी दुसरी, अ‍ॅन, व्हिक्टोरिया आणि एलिझाबेथ दुसरी. १५५३ मध्ये काही दिवसांपुरती गादीवर बसवलेली आणि नंतर शिरच्छेद झालेली जेन ग्रे धरली तर सात. स्कॉटलंड तेव्हा वेगळे राज्य होते, म्हणून मेरी स्टुअर्ट या यादीत येत नाही. धाकटा का असेना, भाऊ असेल तर गादी त्याची, बहिणीची नाही, असा नियम होता. तो २०१३ च्या कायद्याने बदलला. त्यामुळे राणी गादीवर यायची ती घरातले पुरुष वारस संपले की. आणि ती आली की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा एकच प्रश्न: हिच्यानंतर कोण? चित्रपटांत जे प्रेमप्रकरण म्हणून दिसते, ते प्रत्यक्षात बहुतेक वेळा या प्रश्नाचे राजकारण असते.

एलिझाबेथ आणि मेरी स्टुअर्ट यांचेच बघा. मेरी ही एलिझाबेथच्या आत्याची नात. एलिझाबेथ तीन वर्षांची होण्याआधीच, १५३६ मध्ये, तिच्या आईचा, अ‍ॅन बोलीनचा, शिरच्छेद झाला आणि पार्लमेंटने मुलीला अनौरस ठरवले. पुढे वारसांच्या रांगेत तिला परत घेतले, पण अनौरसपणाचा शिक्का पुसला नाही. कॅथलिकांच्या लेखी तिच्या वडिलांचे, आठव्या हेन्रीचे, अ‍ॅन बोलीनशी झालेले लग्नच अवैध होते. म्हणजे त्यांच्या हिशोबाने इंग्लंडची खरी राणी मेरी. मेरी सहा दिवसांची असताना स्कॉटलंडची राणी झाली, फ्रान्समध्ये वाढली, तिथल्या राजाची बायको झाली, अठराव्या वर्षी विधवा झाली आणि १५६१ मध्ये स्कॉटलंडला परतली. दुसऱ्या नवऱ्याचा खून झाला, तिसरे लग्न त्या खुनात ज्याचे नाव घेतले जात होते त्याच सरदाराशी झाले, सरदारांनी बंड करून तिला गादी सोडायला लावली. १५६८ मध्ये ती आसऱ्यासाठी इंग्लंडला पळून आली आणि पुढची जवळजवळ १९ वर्षे एलिझाबेथच्या कैदेत राहिली.

या दोघी आयुष्यात एकदाही भेटल्या नाहीत. १५६२ मध्ये भेट ठरत आली होती, पण फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटले आणि बेत रद्द झाला. तरीही १९३६ च्या चित्रपटात त्या भेटतात, १९७१ च्या चित्रपटात भेटतात आणि २०१८ च्या चित्रपटातही, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून, भेटतात. ही खोड सिनेमाची नाही. जर्मन नाटककार शिलरने १८०० सालीच रंगमंचावर ही भेट घडवली होती आणि १८३५ मध्ये डोनिझेट्टीच्या ऑपेरात दोघी एकमेकींना गाऊन शिव्या देत होत्या. दोन राण्या एका दालनात समोरासमोर आणण्याचा मोह कोणत्या लेखकाला आवरेल?

मोह समजतो. पण त्या नादात जी गोष्ट हातची जाते ती माझ्या मते कितीतरी जास्त नाट्यमय आहे. या दोघींचे सगळे वैर कागदावर चालले. मेरीने कैदेतून पत्रांमागून पत्रे लिहिली. १५८६ मध्ये बिअरच्या पिंपातून ये-जा करणारी तिची गुप्त पत्रे एलिझाबेथचा हेरखात्याचा प्रमुख वॉल्सिंगहॅम वाचत होता. एलिझाबेथच्या खुनाच्या कटाला मेरीने दिलेली संमती त्यांतच सापडली आणि तिच्यावर खटला झाला. पार्लमेंटने देहांताची मागणी केली, तेव्हा एलिझाबेथने जे भाषण दिले त्यात हो नव्हते आणि नाहीही नव्हते. उत्तर नसलेले हे उत्तर पदरात घ्या, असे तिने खुद्द सांगितले. अखेर १ फेब्रुवारी १५८७ ला तिने देहांताच्या हुकमावर सही केली आणि कागद सचिव डेव्हिसनच्या हाती दिला. त्याच वेळी मेरीच्या तुरुंगाधिकाऱ्याला, सर अ‍ॅमियास पॉलेटला, एक पत्र गेले: राणीला वाटते की तुम्ही हे काम गुपचूप उरकावे. सोबत सूचना, हे पत्र जाळून टाका. पॉलेटने साफ नकार दिला आणि त्या पत्राची नक्कल मात्र उरली. इकडे मंत्रिमंडळाने राणीला न कळवता हुकूम रवाना केला. ८ फेब्रुवारीला फॉदरिंगहे इथे मेरीचे मुंडके उडाले. बातमी कळल्यावर एलिझाबेथने आकांत केला, आपण तो कागद पाठवायला सांगितलेच नव्हते म्हणाली आणि डेव्हिसनला लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात टाकले.

तिचा आकांत किती खरा आणि किती युरोपातल्या राजांना दाखवण्यासाठी, यावर इतिहासकार आजही भांडतात. टाळणे हे एलिझाबेथचे सर्वांत मोठे हत्यार होते. लग्न? बघू. वारस? बघू. मेरीचे काय? बघू. या ‘बघू’वर तिने ४४ वर्षे राज्य केले. सिनेमाची पंचाईत नेमकी इथे होते. कॅमेऱ्याला निर्णय दाखवता येतो, टाळाटाळ दाखवणे महाकठीण. मग भेट घडवा, भांडण लावा, डोळ्यांत पाणी आणा.

आता शेखर कपूर यांचा १९९८ चा ‘एलिझाबेथ’. ‘बँडिट क्वीन’ नंतर चारच वर्षांनी आलेला. इतिहासाच्या शिक्षकाने लाल पेन घेऊन बसावे असा हा चित्रपट आहे. राणीचा लाडका सरदार रॉबर्ट डडली याचे लग्न झालेले आहे हे राणीला मागाहून कळते असे त्यात दाखवले आहे. प्रत्यक्षात १५५० च्या त्या लग्नाला खुद्द राजा, म्हणजे एलिझाबेथचा भाऊ, हजर होता. लपवण्यासारखे काही नव्हते. डडली तिच्याविरुद्धच्या कटात सामील होतो, हेही खोटे. १५८८ मध्ये मरेपर्यंत तो तिचा सर्वांत जवळचा माणूस राहिला आणि त्याचे अखेरचे पत्र तिने जपून ठेवले. मंत्री विल्यम सेसिल पडद्यावर पिकलेला म्हातारा आहे (भूमिकेत रिचर्ड अ‍ॅटनबरो, आपल्याला ‘गांधी’मुळे माहीत असलेले) आणि राणी त्याला लवकरच निवृत्त करते. खरा सेसिल तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि पुढे ४० वर्षे, १५९८ मध्ये मरेपर्यंत, तिचा कारभार पाहत होता.

तरीही मला हा चित्रपट आवडतो, आणि त्याचे कारण शेवटच्या प्रसंगात आहे. केस कापलेली, चेहरा पांढराफटक रंगवलेली केट ब्लँचेट दरबारात येते. आता ती माणूस उरलेली नाही, मूर्ती झाली आहे. असा एकच दिवस कधी आला नव्हता हे खरे. पण आपली मूर्ती एलिझाबेथने खरोखरच घडवली होती. राणीची चित्रे कोणीही कशीही काढू नयेत, मान्य नमुन्यावरूनच काढावीत, असा जाहीरनाम्याचा मसुदा १५६३ मध्येच तयार झाला होता. साठी उलटून गेल्यावरच्या चित्रांतही तिचा चेहरा तरुण मुलीचा आहे. म्हणजे कपूर यांनी उचललेली राणी ही एलिझाबेथने स्वतः मंजूर केलेली राणी आहे. चारशे वर्षांनंतरही तिच्याच हुकमाने चित्र निघते आहे म्हणा ना.

२००७ च्या दुसऱ्या भागात हाच चेहरा चिलखत घालून घोड्यावर येतो आणि स्पॅनिश आरमाराशी लढाईच्या तोंडावर टिलबरी इथे सैन्यापुढे भाषण करतो. भाषण प्रसिद्ध आहे: शरीर दुबळ्या बाईचे असले तरी काळीज राजाचे आहे. पण १५८८ मध्ये ती टिलबरीला गेली तोवर आरमाराचा कणा मोडला होता आणि वारा त्याला उत्तरेकडे हाकत होता. भाषणाचा जो मजकूर आपण वाचतो, तो एका पाद्र्याने बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या पत्रातून येतो आणि ते पत्र छापले गेले १६५४ मध्ये.

या सगळ्यात खरा अन्याय झाला तो तिच्या थोरल्या सावत्र बहिणीवर, मेरी पहिलीवर. कपूर यांच्या चित्रपटात ती अंधाऱ्या खोल्यांतली आजारी, भेसूर बाई आहे. तिच्या पाच वर्षांच्या राज्यात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळले, हे नाकारण्यासारखे नाही. पण ते आपल्या मनात इतके पक्के का बसले? जॉन फॉक्स नावाच्या प्रोटेस्टंट लेखकाने एलिझाबेथच्या राज्यात त्या हुतात्म्यांवर प्रचंड ग्रंथ छापला, चितांच्या चित्रांसह. तो पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वाचला गेला. मेरीच्याच पार्लमेंटने १५५४ मध्ये कायदा केला की राज्य करणाऱ्या राणीची सत्ता राजाच्या सत्तेइतकीच पूर्ण असेल. स्पेनच्या फिलिपशी लग्न करताना नवऱ्याच्या अधिकारांना करारात वेसण घातली गेली. बाईला इंग्लंडची गादी चालवता येते हे कायद्यात मांडून ठेवले मेरीने, आणि त्या पायावर उभी राहिली एलिझाबेथ. यावर चित्रपट कोण काढणार? त्यात ना चिता आहे ना शय्या.

मेरी दुसरीला सिनेमाने जवळजवळ हात लावलेला नाही. तिने नवऱ्यासोबत जोडीने राज्य केले, बस.

तिच्या धाकट्या बहिणीला, अ‍ॅनला, मात्र २०१८ मध्ये ‘द फेव्हरिट’ मिळाला आणि तिच्या भूमिकेला ऑलिव्हिया कोलमन यांना ऑस्करही. त्यातली अ‍ॅन आजारी, रडकी, हट्टी, खादाड आहे. सारा चर्चिल आणि अ‍ॅबिगेल या दरबारातल्या दोन बायका तिला खेळवतात. पलंगाशेजारी १७ ससे, गमावलेल्या प्रत्येक मुलामागे एक. ससे बनावट, पण १७ हा आकडा खरा: अ‍ॅनला तितक्या वेळा दिवस गेले. एकच मुलगा तान्हेपण ओलांडून जगला, तोही ११ व्या वर्षी, १७०० मध्ये, वारला. त्या मृत्यूमुळे पुढच्याच वर्षी पार्लमेंटला कायदा करून अ‍ॅननंतरची गादी जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे, प्रोटेस्टंट शाखेकडे, न्यावी लागली. आजचे ब्रिटिश राजघराणे त्याच शाखेचे. म्हणजे पडद्यावर जे एका बाईचे दुःख आहे, त्याने एका देशाचे राजघराणे बदलले. चित्रपट हे सांगत नाही.

अ‍ॅनचा नवरा, डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज, चित्रपटात नाहीच. प्रत्यक्षात १७०८ पर्यंत तो हयात होता आणि तिचा त्याच्यावर जीव होता. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले ते तिच्याच राज्यात. मंत्र्यांच्या बैठकांना ती संधिवाताने पाय धरले असतानाही बसायची. १७०८ मध्ये पार्लमेंटने संमत केलेल्या एका विधेयकाला तिने संमती नाकारली. त्यानंतर आजवर कोणत्याही राजा-राणीने तसे केलेले नाही. ही बाई रडकी बाहुली नव्हे. मग ती तशी का दिसते?

कारण साराने लिहिले. सारा ही बालपणापासूनची मैत्रीण. पत्रांत दोघी एकमेकींना मिसेस मॉर्ले आणि मिसेस फ्रीमन म्हणत, म्हणजे राणी आणि चाकर हा भेद बाजूला. मैत्री तुटली, १७११ मध्ये साराच्या हातून दरबारातली पदे गेली आणि तिने त्याचा राग आयुष्यभर जपला. राणीची पत्रे छापीन अशी धमकी तिने दिली होती. राणीच्या अ‍ॅबिगेलवरच्या मर्जीला लैंगिक रंग आहे असे पत्रातून सुचवणारीही साराच. अ‍ॅन १७१४ मध्ये गेली, सारा १७४४ पर्यंत जगली आणि १७४२ मध्ये तिने आपली बाजू पुस्तकात मांडली. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक सांगायला लागत नाही: बखर कोणाच्या पदरी बसून लिहिली हे आधी विचारायचे. ‘द फेव्हरिट’ ही साराच्या पदरची बखर आहे, फार सुंदर चित्रित केलेली.

व्हिक्टोरियाची अडचण उलटी. तिने स्वतःच इतके लिहिले की पुसता पुसेना. तेराव्या वर्षी, १८३२ मध्ये, रोजनिशी सुरू केली ती १९०१ मध्ये मरेपर्यंत. आज त्या रोजनिशीचे १४१ खंड आहेत. पण त्यातले बहुतेक तिच्या हातचे नाहीत. धाकटी मुलगी बिअ‍ॅट्रिस हिने आईच्या मृत्यूनंतर मजकूर स्वतःच्या हाताने उतरवून काढला, नको ते गाळले आणि मूळ वह्या जाळल्या. त्यामुळे ‘द यंग व्हिक्टोरिया’ सारख्या चित्रपटांना प्रेमात पडलेली तरुणी आयती मिळते, काठ मात्र मुलीने कापलेले. त्यात राणीवरच्या १८४० च्या हल्ल्यात गोळी तिच्या नवऱ्याला, अल्बर्टला, लागते. खरी गोळी कोणालाच लागली नव्हती. नऊ मुलांच्या बापाला हुतात्मा करण्याची गरज का वाटावी देव जाणे.

गंमत म्हणजे कितीतरी वर्षे ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियाला रंगमंचावर दाखवायलाच बंदी होती. नाटकांची सेन्सॉरशिप राजघराण्याच्या अधिकाऱ्याकडे होती, आणि तो राजाच्या आजी-पणजीचे नाटक कशाला मंजूर करील? तिच्या राज्यारोहणाला १०० वर्षे झाली तेव्हा, जून १९३७ मध्ये, बंदी उठली आणि त्याच वर्षी अ‍ॅना नीगल यांची पडद्यावरची व्हिक्टोरिया आली: निर्मळ, प्रेमळ, देशाची आई. तिला हाडामांसाची विधवा करायला १९९७ चा ‘मिसेस ब्राउन’ आणि जुडी डेंच यांची गरज लागली.

डेंच यांनीच २० वर्षांनी ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ केला. आग्र्याच्या तुरुंगातला कारकून अब्दुल करीम १८८७ मध्ये, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, खिदमतगार म्हणून येतो आणि राणीचा मुन्शी होतो. हे खरे. ती त्याच्याकडे उर्दू शिकली, त्या लिपीत लिहू लागली, हेही खरे. दरबाऱ्यांना तो डोळ्यांत खुपायचा. बाप मोठा डॉक्टर असल्याचे तो सांगायचा, त्यांनी आग्र्यात जाऊन चौकशी केली तर बाप तुरुंगाच्या दवाखान्यातला साधा कर्मचारी निघाला. राणी गेल्यावर नव्या राजाने त्याच्याकडची पत्रे जाळायला लावली. करीमची स्वतःची रोजनिशी मात्र त्याच्या घरच्यांकडे टिकली आणि शंभराहून अधिक वर्षांनी लेखिका श्राबणी बसू यांच्या हाती लागली.

चित्रपट गोड आहे, आणि तो गोडवाच मला खटकतो. राणी एका हिंदुस्थानी माणसावर माया करते, म्हणजे साम्राज्याचा दोष जणू फक्त खडूस दरबाऱ्यांचा. त्याच काळात, २२ जून १८९७ ला, तिच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई पुण्यात चालू होती. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरलेल्या सोजिरांचा संताप शहरात धुमसत होता. त्या रात्री गणेशखिंडीतल्या समारंभातून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. यावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट केला. लंडनचा मुन्शी आणि पुण्याचे चापेकर एकाच राणीच्या एकाच दशकातले आहेत. दोन्ही चित्रपट एका आठवड्यात पाहावेत असे मी सुचवीन, आधी पुण्याचा.

एलिझाबेथ दुसरीपाशी आलो की कागदच संपतात. ७० वर्षांच्या राज्यात तिने एकही मुलाखत अशी दिली नाही की ज्यात राजकारणावर मत कळावे. दर आठवड्याला पंतप्रधान भेटायला यायचे. खोलीत तिसरा कोणी नाही, टिपण नाही. पीटर मॉर्गन या लेखकाने आपली कारकीर्द या रिकाम्या खोलीवर उभी केली. २००६ चा ‘द क्वीन’ त्याचाच, डायनाच्या मृत्यूनंतरच्या आठवड्याचा. त्यात हेलन मिरेन डोंगरात एकट्याच एका हरणाकडे बघत उभ्या राहतात तो प्रसंग शुद्ध कल्पना आहे. २०१६ ते २०२३ पर्यंत चाललेली ‘द क्राउन’ ही मालिकाही त्याचीच. ‘हे काल्पनिक आहे’ अशी पाटी लावा अशी ओरड ब्रिटनच्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यापर्यंत पोचली. अखेर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने जाहिरातीखाली तसे लिहिले.

पाटी लावली म्हणून खोलीतले संभाषण कोणाला कळणार नव्हतेच. ब्रिटनमध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा २००० साली झाला. २०१० मध्ये त्यात बदल करून राजा किंवा राणी, गादीचा वारस आणि त्याच्या पाठचा वारस यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यातून पूर्ण वगळण्यात आला. आधी निदान लोकहिताचे कारण देऊन मागता यायचा. २०२१ मध्ये राणीचे पती प्रिन्स फिलिप वारले तेव्हा त्यांचे मृत्युपत्र न्यायालयाने ९० वर्षांसाठी सीलबंद केले. राजघराण्याचे दप्तर विंडसरच्या किल्ल्यात आहे आणि कोणाला काय दाखवायचे ते राजघराणेच ठरवते. तोवर पटकथालेखकांना काम भरपूर आहे.